दुसऱ्या दिवसाचा धडा

आमच्या शाळेतले इतिहासाचे सर ताजा पाव खात नसत. स्टुटगार्टमध्ये इतकी वर्षं राहून ताज्या पावाकडे पाठ फिरवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. सकाळी शाळेच्या रस्त्यावरच्या बेकरीत रांग लागलेली असे, भट्टीचा वास फुटपाथपर्यंत येई, आणि सर काउंटरवरच्या मुलीला बोटानं कोपऱ्यातली टोपली दाखवत. तिच्यावर 'फॉम फोरटाग' अशी पाटी, म्हणजे कालचा माल. सुरुवातीला मला वाटलं, माणूस चिकट आहे. एकदा चेष्टेनं म्हटलंही, "सर, शाळा पगार वेळेवर देत नाही का तुम्हाला?"

"तसं नाही जी ताई," ते म्हणाले. "ताजा पाव सगळाच चांगला लागते. पाव कसा आहे ते दुसऱ्या दिवशी समजते."

मी हसले. पुढे कळलं की यात हसण्यासारखं काही नव्हतं, त्यांचं सगळंच दुसऱ्या दिवसाचं होतं.

आम्ही पुण्याहून इथे आलो, भाड्याचं घर घेतलं, आणि मराठी मंडळातल्या ओळखीच्या चार माणसांना जेवायला बोलावलं. मी नुकतीच शाळेत भूगोल शिकवायला लागले होते, म्हणून सरांनाही बोलावलं. सर आले नाहीत, निरोपही नाही. मला राग आला. दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी बेल वाजली. घरात खरकट्या भांड्यांचा ढीग, मी आणि नवरा कसल्याशा फालतू कारणावरून धुसफुसतोय, लेक अजून पारोशी. दारात सर उभे, हातात संत्रा बर्फीचा डबा.

"काल गर्दी असणार. म्हटलं, आज जावं. आज घर दिसते."

घर त्यांना चांगलंच दिसलं. त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि मी घासलेली भांडी पुसायला घेतली. नवरा खुणेनं विचारत होता, हे कोण? मी खुणेनंच सांगितलं, मलाही माहीत नाही. पण दहा मिनिटांत आमचं भांडण मिटलं, कारण परक्या माणसासमोर किती वेळ भांडणार!

मंडळाच्या गणपतीत आरतीला सर कधी नसत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भाड्याच्या हॉलमधल्या खुर्च्या रचायला आणि फरशीवरचा गुलाल खरवडायला मात्र पहिले हजर. स्वतः बौद्ध, घरात बुद्धाची मूर्ती आणि भिंतीवर निळ्या कोटातला, चष्म्याचा तो फोटो. गणपतीशी त्यांचा संबंध फक्त गुलालापुरता. लग्नाला जात नसत, लग्नानंतर सगळे पाहुणे गेल्यावर जात. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, डार्मश्टाटला औषधांच्या प्रयोगशाळेत संशोधक होत्या आणि तिथेच राहायच्या. नोकऱ्या दोन गावांत असलेली बाकीची जोडपी शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनकडे धावायची. सर एक आठवडा सोडून, आणि तेही शनिवारी सकाळच्या गाडीनं जायचे. "शुक्रवारी माणूस ऑफिसचाच असते," असं त्यांचं म्हणणं. वहिनींचं म्हणणं काय होतं, ते त्या फक्त माझ्याजवळ बोलायच्या आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या सवयीपायी त्यांनी शेजारीही दुखावले. आमच्या या श्वाबेन मुलखात 'केरवोखं' नावाचा प्रकार आहे. इमारतीचा जिना झाडायची पाळी दर आठवड्याला एका घराकडे येते, दाराला तशी पाटी लटकते, आणि शनिवारी तुम्ही जिना झाडला नाहीत तर सोमवारपर्यंत साऱ्या इमारतीला तुमची लायकी कळलेली असते. सर रविवारी झाडायचे. शनिवारी रात्री लोक बुटांनी घाण करणार, मग शनिवारी झाडलेल्या जिन्याला अर्थ काय? आता रविवारी या देशात खिळासुद्धा ठोकत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई शांततेचा भंग झाला म्हणून घरमालकाकडे गेल्या. घरमालकानं ताकीद दिली. सर म्हणाले, "गेनाऊ."

हा शब्द त्यांनी जर्मनांकडून घेतला आणि वाकडा करून वापरला. जर्मन माणूस 'गेनाऊ' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं, बरोब्बर, अगदी तेच. सर म्हणायचे ते काही बिनसलं की. एस-बान, म्हणजे इथली लोकल, रद्द झाली, गेनाऊ. परवान्याच्या कचेरीत कागद हरवले, गेनाऊ. वाईट होणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं, आणि ते झालं की निदान हिशेब जुळल्याचं समाधान त्या एका शब्दात असायचं. मला त्या शब्दाचा फार राग यायचा. आता वाटतं, ज्याला गेनाऊ म्हणता येतं, त्याची आशा अजून कुठेतरी शिल्लक असते.

आमची शाळा खासगी, दोन भाषांतली. मोटारींच्या धंद्यातल्या माणसांची मुलं इथे येतात. आज इथे, उद्या बापाची बदली अमेरिकेत. म्हणून वरच्या वर्गांना अमेरिकेचा इतिहास हा वेगळा विषय आहे, इंग्रजीतून. तो सर शिकवत. नागपूरकडच्या खेड्यातला माणूस, जर्मनीत बसून, जगभरातल्या पोरांना अमेरिका शिकवतो, याची स्टाफरूममध्ये थोडी थट्टा व्हायची. सरांनी नागपूरला हाच विषय घेतला होता, कोलोनला त्यातच संशोधन केलं होतं, आणि संशोधनाचं कंत्राट संपल्यावर ते शाळेत आले होते. त्यांना त्यात गंमत दिसत नसे.

पाठ्यपुस्तकं निवडायचं काम इथे विषयाच्या शिक्षकांकडे असतं. पुस्तकं शाळेची, मुलांना वर्षभर वापरायला मिळतात, जूनजुलैत परत घ्यायची. एकदा घेतलेला संच सात-आठ वर्षं सहज चालतो. त्यामुळे निवडताना चुकलं की चुकीवरच मुलांच्या पिढ्या निघतात, असं सर म्हणत. पुस्तक हातात आलं की ते प्रस्तावना वाचत नसत, चित्रं बघत नसत. गुलामगिरीवरून झालेलं यादवी युद्ध जिथे संपतं ते पान काढत, आणि तिथून पुढे. "हं, आता दुसरा दिवस दाखव," असं पुस्तकालाच म्हणत.

बहुतेक पुस्तकं तिथेच नापास व्हायची.

"हे पाहा ताई. युद्ध संपलं. गुलाम सुटले. पान उलटलं. रेल्वे आली!" ते पुस्तक माझ्या नाकाशी धरत. "मधी काय झालं? माणसं मत द्यायला गेली, निवडून आली, आपल्या हातानं शाळा बांधल्या. मग त्या शाळा जाळल्या. मत देणाऱ्याले घरातून ओढून काढलं. सरकारनं आपलं सैन्य परत बोलावलं अन् म्हटलं, आता तुमचं तुम्ही पाहा. हे कुठं गेलं? रेल्वेच्या खाली?"

"पण सर, सगळंच कसं मावणार एका पुस्तकात?"

"रेल्वे मावते ना? मग पोरं म्हणणार, सुटले ना गुलाम, मग छान झालं असेल सगळं. असं म्हणणारं पोरगं मोठं झालं की मग समोरच्यालेच विचारते, तुम्ही अजून काहून रडून राहिले?"

त्यांच्या कसोटीला उतरलेलं एकच पुस्तक होतं. जाडजूड, करड्या कागदाचं, त्यात दुसऱ्या दिवसाचा अख्खा धडा. तेच शाळेत वर्षानुवर्षं चाललं होतं. आणि पुस्तक चाललं की नाही, हे तपासायची त्यांची आणखी एक रीत होती. परीक्षा त्यांना मान्य नव्हती. वर्ष उलटून गेल्यावर ते जुन्या विद्यार्थ्याला स्टेशनच्या फलाटावर गाठत. पोरगा कानात गाण्याची बोंडं घालून उभा, आणि सर खांद्यावर हात ठेवून विचारणार, "युद्ध संपलं. दुसऱ्या दिवशी काय झालं?" मुलं जिन्यामागे लपायची. पण पकडलेली मुलं बऱ्याचदा उत्तर द्यायची, अडखळत का होईना. त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये सगळ्यांना संत्र्याच्या गोळ्या वाटायचे.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. एस-बान नेहमीप्रमाणे उशिरा होती, आम्ही दोघं फलाटावर कुडकुडत होतो. त्यांच्या आजोबांच्या वेळी गावातली विहीर सगळ्यांना खुली झाली. साहेब आले, फोटोवाला आला. आजोबांनी पहिली बादली काढली, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आजी घागर घेऊन गेली, तर रहाटाला दोर नव्हता. पाराशी गावातले चारजण बसलेले. बोलले काहीच नाहीत, नुसते बघत बसले. आजी रिकामी घागर घेऊन परत आली, आणि पुढं कितीतरी वर्षं नाल्यावरच जात राहिली.

"तो फोटो अजून आहे ताई, तालुक्याच्या कचेरीत. खाली लिहिलं आहे, विहीर खुली झाली. आता हे खोटं आहे का? नाही. आजोबा दिसतात ना त्यात, बादली धरून. पण आजीचा फोटो कोणी काढला? दुसऱ्या दिवशी फोटोवाला येतच नाही."

गाडी आली, आम्ही चढलो, आणि बसायला जागा मिळाल्यावर ते उद्याच्या हवामानाबद्दल बोलायला लागले.

जुना संच अखेर खिळखिळा झाला. पानं सुटायला लागली, आणि नवीन पुस्तकं घ्यायचं ठरलं. सरांच्या निवृत्तीला तेव्हा थोडाच काळ उरला होता. "हा माह्या हातचा शेवटचा संच," असं ते पुन्हापुन्हा म्हणायला लागले. "मी गेल्यावर दुसरा दिवस कोण शोधणार? पुस्तकातच पाहिजे तो. मास्तर जाते, पुस्तक राहते."

निवडीची त्यांची पद्धत आमच्या शाळेत प्रसिद्ध होती. प्रकाशकांची माणसं नमुन्याच्या प्रती आणत, सोबत केक आणत, आणि शिक्षक चकचकीत पुठ्ठा बघून नाही तर केक आठवून मत देत, असा त्यांचा अनुभव. म्हणून त्यांनी उपाय काढला होता, आपल्याकडच्या शाळेतला. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची. आपण जूनमध्ये घालायचो तशीच, कोपरे दुमडून, पट्ट्या आत सारून, पाठपोट बंद. नाव, लेखक, प्रकाशक काही दिसता कामा नये. आतली नावाची पानंही चिमट्यानं बंद. कव्हर घालणाऱ्यानं मत द्यायचं नाही आणि तोंड उघडायचं नाही. ते काम आमच्या ग्रंथपाल बाईंकडे होतं. त्या बाईंना कोपरा दुमडायला शिकवण्यात सरांचा अख्खा एक हिवाळा गेला होता. विभागप्रमुख बाई, जन्मानं आणि स्वभावानं जर्मन, या पद्धतीवर भलत्याच खूष होत्या. त्यांच्या मते शाळेत एवढं निःपक्षपाती दुसरं काहीच नव्हतं.

त्या वेळी टेबलावर पाचसहा खाकी पुस्तकं होती. एकेक भाग एकेकानं वाचायचा असं वाटून घेतलेलं. नकाशे माझ्याकडे. दुसरा दिवस अर्थातच सरांकडे. त्यात दुसऱ्या कुणी नाक खुपसायची सोयच नव्हती. सरांनी पहिली पुस्तकं शिस्तीत उघडली, वाचली, नापास केली. मग एक पुस्तक हातात घेतलं आणि थांबले. तळहातावर तोललं. अंगठा कडेवरून फिरवला. पुस्तक नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला गंमत वाटली. स्टेशनवर गर्दीत आपलं माणूस पाठमोरं ओळखावं, तसा.

"हेच," ते म्हणाले.

"वाचलंत?" विभागप्रमुख बाईंनी विचारलं.

"वाचायचं काय त्यात? पाठ आहे मले. आपलंच आहे, जुनं. नवीन आवृत्ती काढलेली दिसते."

पुस्तक ओळखणं हेच पद्धतीच्या विरुद्ध होतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत सरांना आनंद झालेला आम्ही फारसा पाहिलेला नव्हता. नकाशे नवे होते, सुरेख होते, मी हात वर केला. सगळ्यांनी केला. एकमतानं ठराव झाला आणि त्या दुपारी संत्र्याच्या गोळ्या वाटल्या गेल्या.

सुट्टीनंतर पुस्तकं आली. खोकी वर्गात आणली होती. मी शेजारच्या वर्गातून खडू मागायला गेले तर सर टेबलाशी उभे, पुस्तक उघडं. मला वाटलं त्यांना बरं नाही. त्यांनी पुस्तक माझ्याकडे वळवलं. युद्ध संपलं होतं. गुलाम सुटले होते. मी पान उलटलं. पानभर वाफेचं इंजिन, धूर सोडत येणारं, रंगीत. दुसऱ्या दिवसाचा धडा गेला होता. त्याच्या जागी इंजिनाच्या खाली दोन परिच्छेद, 'एक कठीण काळ' अशा मथळ्याचे. जाडी तेवढीच राहिली होती, कारण मोकळ्या झालेल्या जागेत माझे सुरेख नकाशे घातले होते.

"गेनाऊ," सर म्हणाले. पण त्यांचा आवाज इतका बारीक होता की पहिल्या बाकालाही ऐकू गेला नसेल.

विभागप्रमुख बाईंकडे ते लगेच गेले, मीही गेले. पुस्तकं परत करू म्हणाले. बाई वाईट नव्हत्या, त्यांना खरंच समजत नव्हतं.

"पण तुम्हीच निवडलंत. तुमच्याच पद्धतीनं. मी विचारलंही होतं, वाचलंत का म्हणून."

"चूक माझी आहे. मुलांनी काहून भोगायची?"

"परीक्षेला तो भाग फारसा येत नाही. आणि तुम्ही वर्गात तोंडी सांगालच की."

"यंदा सांगतो. पुढच्या वर्षी मी नाही."

"आल्झो," बाई म्हणाल्या, आणि या शब्दानं इथलं कुठलंही बोलणं संपतं तसं ते संपलं.

आठवडाभर सरांनी कालचा पावही आणला नाही, डबाच नसायचा. इतकी वर्षं दुसऱ्यांना 'पान उलटा, पान उलटा' म्हणणारा माणूस, आणि नेमकं एकदा, शेवटच्या वेळी, स्वतःच पान उलटायचं राहिलं. लोकांना चुकीची शिक्षा बाहेरून मिळते. सरांना बाहेरच्या कुणाची गरजच नव्हती.

मग एक दिवस माझी लेक शाळेतून आली ती बाहीला पांढरं काहीतरी फासून. ती त्या वर्षी सरांच्या वर्गात होती. माझं मराठी तिला सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. पण त्या दिवशी एक मराठी शब्द घेऊन आली. "आई, वास इस्ट खळ?" खळ म्हणजे काय?

सरांनी तो धडा स्वतः लिहिला होता. साध्या इंग्रजीत, चार पानांचा. घरी मैद्याची खळ शिजवून पातेलं शाळेत आणलं होतं, आणि प्रत्येक मुलाकडून ती पानं रेल्वेच्या आधी चिकटवून घेतली होती. गोंदाच्या नळ्या का नाहीत, असं मी विचारलं तर म्हणाले, "गोंदानं कागद फाटते पुढं. पुस्तकाले इजा नाही झाली पाहिजे." मी लेकीचं पुस्तक उघडून तो धडा वाचला. त्यात विहीर नव्हती, आजी नव्हती. सगळं अमेरिकेचंच होतं, नेमकं, कोरडं, कुठेही आवाज न चढवलेलं. पण वाचताना मला रहाट दिसत होता.

महिन्याभरात आमच्याच ओळखीतले एक गृहस्थ घरी आले. पुण्याचे, मोटारींच्या सॉफ्टवेअरमधले, त्यांची मुलगी माझ्या लेकीच्या वर्गात. त्यांची बदली अमेरिकेला होऊ घातली होती.

"ते तुमचे सर जरा अतीच करतात हं," चहा पिता पिता ते म्हणाले. "परीक्षेला नाही ते कशाला मुलांच्या डोक्यात? उद्या तिथे जाऊन आमची मुलगी वर्गात असलं काही बोलली म्हणजे? आणि मला सांगा, हे सगळं कुठून येतं ते आपल्याला कळत नाही का? तिथलं नाव सांगून आपलीच रडगाणी. ती इथेपण आणायची म्हणजे..."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"जाऊ द्या हो. तुम्ही समजून घ्या."

मला समजलं होतं, म्हणूनच मी पेटले. काय काय बोलले ते आठवत नाही, नवऱ्याला मध्ये पडावं लागलं. कप अर्धा टाकून गृहस्थ उठले. दुसऱ्या आठवड्यात शाळेत तक्रार आली. माणूस हुशार. मजकुराबद्दल त्यानं चकार शब्द काढला नव्हता. शाळेच्या मालकीच्या पुस्तकांवर मुलांकडून खळ फासून घेतली, पुस्तकं विद्रूप केली, एवढंच. आणि मालमत्तेच्या नुकसानीपुढे या देशात कुणाचं काही चालत नाही. वर्ष संपताना पुस्तकं परत घ्यायची तेव्हा चिकटवलेली पानं काढून टाकावीत, असं ठरलं.

"मी काढतो," सर म्हणाले. "दुसरं कोणी काढलं तर फाडतील."

शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी आम्ही दोघं ग्रंथालयात बसलो. मला राहवलं नाही म्हणून मी गेले. सर ओला स्पंज कडेवरून फिरवत, थोडं थांबत, आणि पान दोन बोटांत धरून हलकेच सोडवत. पान अखंड निघून येई. मग खालचं पान कोरड्या फडक्यानं टिपत, मध्ये टीपकागद ठेवत, पुस्तक मिटत. दुसरं घेत. सगळ्या टेबलांवर ओली पानं पसरली होती, सगळीकडे एकच धडा. मैद्याचा आंबूस वास सुटला होता. ग्रंथपाल बाई दारात आल्या, बघितलं, आणि रडत परत गेल्या. मला त्यांचा हेवा वाटला.

"सर, निदान एकदोन पुस्तकांत राहू द्या. कोण बघतंय?"

"नाही ताई. सांगितलं तसं करायचं." त्यांनी एक पुस्तक उजेडात धरून मला दाखवलं. रेल्वेच्या आधीचं पान स्वच्छ, कोरं करकरीत, जणू तिथे कधी काही नव्हतंच. "पाहा. खळीचं हे चांगलं असते. मागं ओरखडा राहत नाही."

ते अभिमानानं बोलले की आणखी कशानं, हे मला आजही सांगता येत नाही. निघालेली पानं वाळल्यावर त्यांनी गठ्ठा केला आणि स्वतःच्या हातानं अंगणातल्या जुन्या कागदांच्या पिंपात टाकला.

निरोपसमारंभाला ते आले, कारण तो त्यांचाच होता. पण मी त्या दिवशी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, भांडी बांधायला मदत केली. बरं वाटलं त्यांना. सामान बांधून ते वहिनींकडे डार्मश्टाटला कायमचे गेले, आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "पुस्तक गेलं ते गेलं. पण या वर्षीच्या पोरांनी तर वाचलं ना? एक वर्षानं विचारीन तुमच्या पोरीले. फलाटावर नाही जमणार, फोनवर विचारीन."

मला वाटलं विसरतील. वर्ष झालं आणि एका रविवारी दुपारी फोन आला. माझ्याशी दोन शब्द बोलले, आणि म्हणाले, "द्या पोरीले." मी फोन मोठ्या आवाजावर टाकला. लेक सोफ्यावर लोळत होती, उठून बसली. सर तिचे आवडते होते.

"बेटा, युद्ध संपलं. दुसऱ्या दिवशी काय झालं?"

मी लेकीकडे बघत होते. मनातल्या मनात तिला सांगत होते, शाळा, मत, जाळपोळ, सैन्य, काहीतरी बोल. तिनं खरंच आठवायचा प्रयत्न केला, भुवया जवळ आणल्या.

"ना या," ती म्हणाली, "दी स्क्लाफेन वारेन फ्राय." गुलाम सुटले. मग जरा थांबून, प्रश्नाचं उत्तर सापडल्याच्या आनंदात, "उंट डान काम दी आइझेनबान!"

आणि मग रेल्वे आली.

"आणि ते चिकटवलेलं होतं ते, बेटा? पानं?"

"आख या, खळ!" लेक खळखळून हसली. "दास वार लुस्टिग!" मजा आली होती, म्हणे.

मी त्या एका शब्दाची वाट पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, त्यांनी म्हणावं, गेनाऊ. ते म्हणाले नाहीत. "छान. खूप शिका बेटा," म्हणाले आणि फोन ठेवला. लेकीला मी काही बोलले नाही. तिची काय चूक? तिनं पुस्तकात होतं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फोन केला. ही रीत त्यांचीच. वहिनींनी उचलला. सर बाल्कनीत बसलेत, म्हणाल्या, बोलायचं नाही म्हणतात.

"बरे आहेत ना, वहिनी?"

"बरे म्हणजे काय, एकदम बरे आहेत!" वहिनींचा आवाज कधी नव्हे तो मोकळा होता. "अहो ताई, आज तुम्हाला गंमत सांगते. सकाळी बेकरीत गेले, आणि येताना ताजा पाव घेऊन आले. गरम होता पिशवीत. इतकी वर्षं शिळं खाल्लं हो आम्ही यांच्यापायी. म्हटलं, आज कसं काय? तर म्हणाले, आता काय करायचं आहे पाहून. बरं झालं की नाही?"

"हो," मी म्हणाले, "बरं झालं." आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.